कूळ की पाणी?

शाळेच्या पुस्तकात मासे दोन प्रकारचे असतात: गोड्या पाण्यातले आणि खाऱ्या पाण्यातले. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदांतही तीच विभागणी, फक्त नावं भारदस्त. सागरी, भूजलाशयीन आणि दोहोंच्या मधले निमखारे. बाजारात तर ती इतकी मुरलेली आहे की रोहू-कटला घेणारं गिऱ्हाईक आणि बांगडा-पापलेट घेणारं गिऱ्हाईक बरेचदा एकमेकांच्या पाटीकडे वळूनही बघत नाही. प्राणिशास्त्राच्या ग्रंथात मात्र अशी विभागणी कुठेच भेटत नाही. तिथे मासे लावलेले असतात ते वंशावरून, कोण कोणाच्या किती जवळचा यावरून. त्यामुळे एकाच गणात समुद्रातला, खाडीतला आणि सह्याद्रीच्या ओढ्यातला मासा शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. माझं मत ग्रंथाच्या बाजूचं आहे. पाण्यावरून केलेली विभागणी म्हणजे माशाचा पत्ता. पत्ता कामाचा असतोच, पण त्यावरून माणसाची सोयरीक कळत नाही तशी माशाचीही कळत नाही. मात्र दुसरी बाजू लेचीपेची नाही आणि तिला नुसतं 'अडाणी समजूत' म्हणून उडवणं अप्रामाणिक ठरेल. म्हणून दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवतो. एक उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरचा नाखवा, ज्याच्या होडीवर डोलही आहे आणि गळ्यात अडकवून मासा धरणारं जाळंही. दुसऱ्या प्राणिशास्त्राच्या बाई. मी मध्येमध्ये बोलेन, आणि जिथे नाखव्याला माझ्याकडून काही पुरवता येईल तिथे पुरवीनही.

नाखवा: बाई, ग्रंथात काय आहे ते असू द्या. मासा पाण्यात राहतो, मग त्याची पहिली ओळख पाणीच असणार की नाही? रोहू उचलून समुद्रात टाका, मरतो. बांगडा धरणात सोडा, तोही मरतो. ज्या फरकानं जीव जातो त्याहून मोठा फरक कोणता आणायचा? आमचं सगळं काम त्या फरकावरच चालतं. माझी डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. तलावाचा ठेका घेणाऱ्याला ओहोटी म्हणजे काय ते माहीत नसलं तरी त्याचं अडत नाही. तो मत्स्यबीज विकत आणून सोडतो, मी कधी समुद्रात बीज सोडायला गेलो नाही. परवाना वेगळा, हंगाम वेगळा, चव वेगळी, भाव वेगळा. इतक्या पिढ्या ज्या खुणेवर माणसं मासे ओळखत आली ती खूण चुकीची ठरवायला तुमच्याकडे कारणही तसंच भक्कम पाहिजे.

बाई: रोहू समुद्रात का मरतो ते आधी बघू, म्हणजे तुमच्या मुद्द्याचं वजन नीट कळेल. रोहू काय, बांगडा काय, अशा हाडाच्या माशांच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश असतो. नदीच्या पाण्याहून मात्र तो कितीतरी जास्त. त्यामुळे नदीत रोहूच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सारखं शिरत राहतं. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि पाण्यात जे थोडंफार मीठ असेल ते कल्ल्यांनी ओढून घेतो. बांगड्याचं नेमकं उलट. समुद्र त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतो, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, कल्ल्यांतल्या खास पेशींनी मीठ बाहेर काढतो आणि मूत्र अगदी बेतानं टाकतो. दोन्ही यंत्रणा उलट्या दिशेनं चालतात, म्हणून जागा बदलली की मासा मरतो. इथवर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आता मोरी घ्या, आणि पाकट घ्या. त्यांच्या रक्तात युरिया साठवलेला असतो, त्यामुळे रक्त समुद्राच्या तोडीस तोड होतं आणि पाणी अंगातून निघून जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मोरी शिळी झाली की नाकाला झोंबते ती कशामुळे? तो युरिया फुटून अमोनिया होतो म्हणून. शिळा बांगडाही वास मारतो, पण डोळ्यांत पाणी आणणारा तो झणका त्याला नसतो. मोरी आणि बांगडा एकाच समुद्रात, कधी एकाच जाळ्यात. खाऱ्या पाण्याचं संकट दोघांवर सारखं, पण दोघांनी त्यातून काढलेला मार्ग वेगळा, कारण त्यांची कुळं चाळीस कोटी वर्षांहूनही आधी फुटली. 'खाऱ्या पाण्यातला मासा' एवढं सांगून यातलं काही कळत नाही. 'कास्थिमत्स्य', म्हणजे हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला, एवढं कळलं की युरियाही कळतो आणि वासही.

नाखवा: मोरी-पाकट वेगळ्या वळणाचे हे आम्हालाही ठाऊक आहे, त्यांना कोणी बांगड्याच्या रांगेत लावत नाही. हाडाच्या माशांवर या.

बाई: येते. शिंगाळा घ्या. समुद्रातला शिंगाळा तुम्ही विकता, आणि गोदावरी-कृष्णेच्या काठचे लोक नदीतला शिंगाडा खातात. मिशा त्याच, बिनखवल्याची चामडी तीच, पाठीवरच्या आणि छातीवरच्या पराचा काटाही तोच, जो हातात गेला तर दोन दिवस हात ठणकतो. दोघं एकाच गणातले. त्यांच्या मणक्यांच्या पुढच्या टोकाला छोट्या हाडांची साखळी असते, ती पोटातल्या हवेच्या पिशवीला कानाशी जोडते आणि पाण्यातला आवाज आत पोचवते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1820 मध्ये ती दाखवून दिली. हीच साखळी रोहूत आहे, कटल्यात आहे, मृगळात आहे, पुण्याच्या मुळा-मुठेतून प्रथम वर्णन झालेल्या महसीरात आहे. बांगड्यात नाही, पापलेटात नाही. म्हणजे कानावरून बघितलं तर तुमच्या जाळ्यातला समुद्री शिंगाळा बांगड्यापेक्षा धरणातल्या रोहूच्या जवळचा. पाणी त्याला बांगड्याशेजारी बसवतं, हाडं त्याला रोहूशेजारी. कोणाचं ऐकायचं?

नाखवा: एका शिंगाळ्यासाठी अख्खी पद्धत मोडायची? अपवाद कशाला नसतात.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण 'अपवाद' हा शब्द इथे लागू पडतो का हेच तपासायला हवं. जगात आजवर 35,000 हून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे गोड्या पाण्यातले आहेत. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात नद्या आणि तळ्यांचा वाटा मात्र शेकडा 0.01 च्या आसपास. इतक्या चिमूटभर पाण्यात निम्म्या जाती कशा मावल्या, याचं उत्तर नद्यांच्या तुटकपणात आहे. समुद्र सलग आहे, बांगडा तांबड्या समुद्रापासून इंडोनेशियापलीकडे एकच. नदीचं तसं नाही. एका खोऱ्यातला मासा डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही, धबधब्यावरचा खाली येतो पण खालचा वर चढत नाही, आणि लाखो वर्षं अशी फारकत राहिली की दोन जाती होतात. म्हणजे 'गोड्या पाण्यातले मासे' हा एक समूह नसून अनेक कुळांनी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या खोऱ्यांत शिरून केलेल्या वसाहतींची बेरीज आहे. त्यातला मोठा भाग रोहू-शिंगाड्यासारख्या कानात हाडांची साखळी असणाऱ्यांचा, पण उरलेल्यांत हेरिंगच्या कुळातले आहेत, खऱ्या वामीचे नातेवाईक आहेत, दक्षिण अमेरिकेत तर गोड्या पाण्यातले पाकटही आहेत. उलट दिशेनं शिंगाळा समुद्रात गेला. सीमा इतक्या वेळा ओलांडली गेली असेल तर ओलांडणाऱ्याला अपवाद म्हणता येत नाही. आणि काहींनी तर ती रोजचीच वाट करून टाकली आहे. हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. गंगेवर फराक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला त्याआधी तो अलाहाबादच्याही पुढे जात असे. जिताड्याची तऱ्हा उलटी. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाडीतून आत शिरून गोड्या पाण्यातही वाढतो, तरुणपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. बुल शार्क तर गंगेतही आला आहे आणि निकाराग्वाच्या सरोवरातही. या सगळ्यांत मला सर्वांत गमतीची वाटते ती बोंबलाची कहाणी. मुंबईच्या किनाऱ्याशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या बोंबलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं ते फ्रान्सिस हॅमिल्टनच्या 1822 च्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचा आहे. हॅमिल्टन चुकला नव्हता. गंगेच्या मुखाशी बोंबील मुबलक मिळतो. नदी कुठे संपते हे मात्र त्याला तिथे ठरवता आलं नसावं, आणि बोंबलाला ते ठरवायची गरजच पडली नव्हती.

नाखवा: ठीक, सीमा ओलांडणारे पुष्कळ आहेत. म्हणून तर तिसरा वर्ग आहे, निमखारे. खाडीत राहणारे सगळे तिथे घाला. जिताडा घाला, बोय घाला, गोव्यातलं काळुंद्र घाला. वर्ग कमी पडला तर वाढवायचा, मोडायचा कशाला?

बाई: तिसरा वर्ग काढला की अडचण मिटत नाही, वाढते. तुम्ही घेतलेली तीनच नावं बघा. काळुंद्राचे जवळचे नातेवाईक भारत आणि श्रीलंका सोडले तर थेट मादागास्करच्या नद्यांत आहेत. हा दुवा कळला तो वंशाच्या मागावर गेल्यामुळे. जिताड्याचं आताच्या वर्गीकरणातलं शेजारपाजार आणखी वेगळं, त्याबद्दल पुढे बोलू. बोय तर या दोघांहून वेगळ्याच गणातली. तिघांत सामाईक काय, तर पत्ता. एखाद्या खाडीत कारखान्याचं पाणी सुटलं आणि कोणते मासे मरणार असा प्रश्न असेल तर पत्ता पुरेल, तिथे मी तुमच्याच बाजूनं उभी राहीन. पण वर्गीकरणाकडून याहून जास्त अपेक्षा असते. एका माशाबद्दल एक गोष्ट कळली की त्याच्या शेजाऱ्याबद्दल न बघितलेली दुसरी गोष्ट अंदाजानं सांगता आली पाहिजे. घोळ आणि ढोमा एका कुळातले हे माहीत असलं, तर घोळीच्या पोटातल्या ज्या हवेच्या पिशवीला, तुमच्या बोताला, इतका भाव येतो तशी दणकट पिशवी ढोम्यातही, लहान प्रमाणात, असणार हे न चिरता सांगता येतं. दोघं त्याच पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून आवाज काढतात हेही. 'निमखारे' या शब्दावरून असलं एकही भाकीत निघत नाही.

नाखवा: भाकितांवर आमचं पोट नाही चालत, बाई. मला मासा बघून तो कोणता ते कळतं, बस्स.

बाई: बघून कळतं असं म्हणालात म्हणून वाम घेऊ. समुद्रात तुम्ही धरता ती वाम, लांब, दातेरी जबड्याची, तिची तुकडी करून विकतात ती. देशावर नदीत मिळते तिलाही वामच म्हणतात, कोणी वांब म्हणतात. आणि सह्याद्रीतल्या नद्यांत तिसरा एक सापासारखा मासा आहे, अहेर. पाण्यावरून लावलं तर नदीतली वांब आणि अहेर एका बाजूला, समुद्रातली वाम दुसऱ्या बाजूला. आता तिघांना समोर ठेवून बघा. नदीतल्या वांबीच्या पाठीवर, पराच्या पुढे, सुट्ट्या काट्यांची ओळ असते. उलट्या दिशेनं हात फिरवला तर करवतीसारखी लागते. तिचं नाक पुढे आलेलं, मऊ, आणि टोकाला दोन बारीक नळ्या. अहेरीला काटे नाहीत. तिचा पाठीचा पर, शेपटी आणि पोटाखालचा पर मिळून एकच झालर, आणि खवले कातडीत इतके रुतलेले की अंग गुळगुळीतच वाटतं. समुद्रातल्या वामीची झालरही तशीच सलग. अहेर आणि समुद्रवाम दोघींची पिल्लं आधी काचेसारखी पारदर्शक, पानाच्या आकाराची अळी म्हणून समुद्रात तरंगतात. ती अळी मोठ्या माशाहून इतकी निराळी दिसते की पूर्वी तिला वेगळाच मासा समजून वेगळं नाव दिलं होतं. नदीतल्या वांबीचं असलं काही नाही. ती मरळीची दूरची पण खरी नातेवाईक, जन्मभर गोड्या पाण्यातच राहते. म्हणजे पाण्यानं जी जोडी लावली ती तोडावी लागते, आणि जे नाव तुम्ही दोन माशांना दिलंत ते नेमक्या चुकीच्या दोघांना. याचा पोटाशी संबंध नाही असं म्हणू नका. अहेर नदीत वाढून अंडी घालायला समुद्रात जाते. नदीवर बंधारा पडला तर वांबीची वस्ती बंधाऱ्याच्या वर टिकू शकते, अहेरीची हळूहळू संपते, कारण पिल्लांना वर चढायला वाटच राहत नाही. 'भूजलाशयीन' अशी नोंद केलेल्या दोन माशांपैकी एकाला बंधारा चालतो आणि दुसऱ्याला नाही, हे खात्याच्या वहीवरून कधीच कळणार नाही.

माझ्या दृष्टीनं सगळ्या वादातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण नाखव्याच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण अजून सुटायचा आहे.

नाखवा: मान्य, वामीत आम्ही फसलो. पण तुमचं कूळ तरी कुठे एका जागी राहतं? आजोबा ज्याला पापलेट म्हणत होते त्याला मीही पापलेट म्हणतो. तुमच्याकडे दर पंधरा-वीस वर्षांनी मासा या कुळातून त्या कुळात जातो, नाव बदलतं, पुस्तक बदलतं. जी गोष्ट इतकी हलते तिच्यावर कायदा आणि खात्याचा कारभार कसा उभा करायचा?

या आक्षेपाला मी आणखी दाणापाणी देतो. माशांच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया घातला तो स्वीडनच्या पीटर आर्टेडीनं. तो 1735 मध्ये ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून वारला आणि त्याचं लिखाण त्याचा मित्र लिनियस यानं 1738 मध्ये छापलं. याच लिनियसनं 1758 च्या आपल्या प्रसिद्ध आवृत्तीत देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं, ते बरोबर केलं. आणि त्याच पुस्तकात मोरी आणि पाकट यांना माशांतून काढून उभयचरांत, बेडकांच्या पंगतीला बसवलं. उरलेल्या माशांचे बहुतेक गण त्यानं पोटाखालच्या परांची जोडी कुठे आहे यावरून पाडले: नाही, गळ्याशी, छातीशी, पोटाशी. आज त्यातला एकही गण तसा शिल्लक नाही. पापलेटचंच घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या पापलेटला वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हणत आले, जनुकीय तपासणीनंतर तो पॅम्पस कॅन्डिडस ठरला. गणाच्या पातळीवर तर आणखी उलथापालथ. पापलेट आता सुरमई, बांगडा आणि पट्टीसारखा लांब बगा यांच्यासोबत बसतो. हलवा, ज्याला इंग्रजी बोलणारा बाजार काळं पॉम्फ्रेट म्हणतो, तो त्या गणात नाहीच. तो गेला जिताडा, रावस आणि चपटा लेपा असलेल्या दुसऱ्या मोठ्या शाखेत. रावस आणि लेपा शेजारी ठेवून बघा, एकाच्या गळ्याखाली सुट्टे तंतू, दुसऱ्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. डोळ्यांना पटेल असं एकही साम्य चटकन दिसत नाही, नातं सांगतात ते मुख्यतः जनुक. नाखवा हसला तर त्याला दोष देता येणार नाही.

बाई: हसा. पण एक सांगा, पापलेट आणि हलवा एका जातकुळीचे नाहीत हे तुमच्या बाजाराला कोणत्या पुराव्यानं कळलं असतं? कुठल्याच नाही. दोघं रुंद, दोघं चपटे, दोघांना भाव, एवढ्यावर नावाची सांगड पक्की झाली आणि तिला खोटं पाडू शकेल असं काही बाजारात घडतच नाही. तुमची विभागणी हलत नाही याचं कारण ती बरोबर आहे हे नसून ती तपासलीच जात नाही हे आहे. लिनियसची हलली, कारण परांच्या जागेवरून काढलेले गण हाडांशी जुळले नाहीत. हाडांवरचे गण काही ठिकाणी जनुकांशी जुळले नाहीत. दर वेळी पुरावा पुढे आला आणि मांडणी मागे हटली. आणि सगळं हललं असंही नाही. शिंगाळ्याचा गण, वामीचा गण, मोरी-पाकटांची शाखा, यांना जनुकांनी उलट दुजोराच दिला. हलतात ते वरचे, धूसर मधले भाग. रावस-लेप्याचं शेजारपण मलाही डोळ्यांनी दिसत नाही, मी ते पुराव्यावर मान्य करते आणि उद्या पुरावा फिरला तर सोडून देईन.

नाखवा: मग 'मासा' तरी आहे का शिल्लक, की तोही पुराव्यात वाहून गेला?

बाई: खरं सांगायचं तर वंशाच्या हिशेबात 'मासे' असा बंद समूह नाही. 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिलाकांथ सापडला, जो कित्येक कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं समजत होते. तो आणि फुप्फुसमासे यांच्या परांत मांसल दांडा असतो आणि वंशानं ते रोहूपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचे आहेत. म्हणजे माशांचा समूह पुरा करायचा तर त्यात बेडूक, साप, पक्षी आणि माणूस घ्यावा लागेल. कोणी घेणार नाही, घेऊही नये. 'मासा' हा व्यवहारातला शब्द आहे, तसाच राहू द्या. कायद्यानंही तो तसाच वापरला आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यात 'मासा' या शब्दात कवचधारी प्राणीही येतात, तुमच्या कोळंबी-तिसऱ्यांसकट. कॅलिफोर्नियात तर 2022 मध्ये एका न्यायालयानं संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्यापुरती भुंग्यासारखी गुबगुबीत मधमाशी 'मासा' या व्याख्येत बसते असा निकाल दिला, कारण त्या व्याख्येत बिनकण्याचे प्राणी घातले होते. सोयीसाठी केलेली व्याख्या सोयीपुरती ठीक. निसर्गाची रचनाच तशी आहे असं तिच्यावरून कोणी म्हणू नये एवढंच.

नाखवा: माझा शेवटचा मुद्दा ऐका. आम्हाला नातं कळत नसेल, पण मासा कळतो. तुमचे साहेब किनाऱ्यावर येतात तेव्हा बाटलीत घालायचा मासा कोणता ते आम्हालाच विचारतात.

यावर वाद घालण्यात अर्थ नाही, नाखवा बरोबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी विल्यम सायक्स यानं दख्खनच्या नद्यांतले मासे 1839 च्या सुमारास शास्त्रासमोर मांडले, तेव्हा नावांसाठी तो लॅटिन कोशाकडे गेला नाही. खुद्री, कोळस, शिंगटी, मुळ्या अशी मच्छीमारांच्या तोंडची नावं त्यानं तशीच शास्त्रीय नावांत बसवली, आणि त्यातली कित्येक आजही जगभर चालतात. त्या नावांमागच्या जाती बव्हंशी खऱ्या ठरल्या. मच्छीमाराची नजर जातीच्या पातळीवर अचूक असते, कारण तिथे चूक झाली तर जाळं रिकामं येतं आणि गिऱ्हाईक परत जातं. ती गडबडते त्याच्या वरच्या पायरीवर, कोण कोणाचा सोयरा या प्रश्नावर, कारण तिथे चुकल्याची किंमत त्याला लगेच मोजावी लागत नाही. पाण्याची विभागणी या वरच्या पायरीची जागा भरून काढते, पण तिच्यातून नातं निघत नाही.

नाखवा: मग मासळी उतरवताना जो फॉर्म भरायचा त्यात एकच रकाना असेल, तर मी काय लिहू? कूळ की पाणी?

बाई: दोन्ही नको. जात लिहा, तुमच्या भाषेतल्या नावानं लिहा. पापलेट लिहा, कापरी वेगळी लिहा, हलवा वेगळा लिहा. जातीवरून कूळही शोधता येतं आणि ती कोणत्या पाण्यात राहते तेही. पाण्यावरून जात शोधता येत नाही. राज्य सरकारनं 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ती जातीवारच ठरवली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. 'सागरी मासा इतक्या लांबीचा' असा नियम करता आला असता का?

नाखवा: नियम वाचला मी. आता ट्रॉलरच्या खणात तळाला काय उरतं ते सांगतो. बोटभर ढोमे, बग्याची पिल्लं, नखाएवढे लेपे, कोवळी घोळ, आणि मध्येच चार पापलेटची पोरं. फावड्यानं ओढून टेम्पोत भरतात आणि फिशमीलच्या कारखान्याला जातं. कागदावर लिहितात 'इतर मासळी'.

बाई: तिथे तुमची विभागणी अगदी चपखल बसते बघा. सगळी सागरी. नोंद खरी, आणि तिच्यावरून 54 पैकी एकही नियम लावता येत नाही. आधी ती निवडावी लागेल.

नाखवा: निवडायला माणूस लागतो, बाई. आणि फिशमीलच्या भावात त्याची मजुरी सुटत नाही.